डिझेल फिल्टर घरच्या घरी बदलायचा? आधी गाडी कोणत्या पिढीची ते बघा

छोट्या हत्तीची किंवा ४०७ ची तक्रार बहुतेक वेळा अशीच सुरू होते. रिकामी गाडी मस्त पळते, पण माल भरला की पुलाच्या चढाला दम टाकते. बोरघाटात तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही स्पीड वाढत नाही. सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, ‘डिझेल फिल्टर जाम झालाय.’ आणि घरातला कॉलेजचा मुलगा फोनवर व्हिडिओ शोधतो, तिथे कोणीतरी दहा मिनिटांत फिल्टर बदलून दाखवलेला असतो.

काम खरंच अवघड नाही. मॅन्युअल, पाने आणि थोडा संयम असेल तर अंगणातही होतं. अडचण एवढीच की बरेच व्हिडिओ एका प्रकारच्या गाडीवर केलेले असतात आणि बघणाऱ्याकडे दुसऱ्याच प्रकारची असते. जुन्या इंजिनला जे चालून जातं, त्याने नव्या इंजिनचे इंजेक्टर खराब होऊ शकतात. फिल्टर काही शे रुपयांत येतो, इंजेक्टरच्या सेटला हजारो लागतात. चाकणच्या कंपनीत वेळेवर पार्ट पोचवायचे असतील तर गाडी दोन दिवस उभी राहणं त्याहून महाग पडतं, कारण हप्ता काही थांबत नाही.

फिल्टर नक्की करतो काय?

टाकीतल्या डिझेलमध्ये तीन नको असलेल्या गोष्टी असतात: धूळ, गंज आणि पाणी. पाणी येतं कुठून? थोडं भेसळीतून किंवा पंपाच्या टाकीतून येऊ शकतं, पण पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली वाफ गार पडून पत्र्यावर थेंब धरते, तेही पाणीच. रात्री टाकी भरून ठेवणारे जुने ड्रायव्हर उगाच तसं करत नाहीत. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. म्हणूनच बऱ्याच फिल्टरना खाली पाणी सोडायचा कॉक असतो.

जुन्या गाड्यांवर दोन वाट्यांचा फिल्टर दिसतो. पहिल्या वाटीत कपड्याचा, दुसऱ्या वाटीत कागदाचा. पहिला जाड घाण अडवतो, दुसरा बारीक. नव्या गाड्यांमध्ये पहिल्याच्या जागी पाणी वेगळं करणारा फिल्टर असतो, बऱ्याचदा तळाशी सेन्सरसकट. त्यात पाणी साठलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा लागला तर फिल्टर बदलायची घाई नको, आधी पाणी सोडा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

जुनी पद्धत की कॉमन रेल?

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकीचं वाचलं नाही तरी हे वाचा.

टाटा ४०७ आली १९८६ मध्ये. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला तो पुण्यातूनच. गंमत म्हणजे त्याच २००५ साली आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आपण अजूनही कुठल्याही लहान मालगाडीला टेम्पोच म्हणतो. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांमध्ये साधा मेकॅनिकल पंप होता. पंपातून प्रत्येक नोझलला वेगळी लोखंडी नळी जाते, दाब काही शे बारचा, आणि थोडीफार घाण अशी सिस्टीम सहन करते.

कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत म्हणजे रेलमध्ये डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवलेलं असतं आणि कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टर ते सोडतात. हा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तुलनेसाठी, मोठ्या ट्रकच्या टायरमध्ये साधारण आठ बार हवा असते. एवढा दाब सांभाळायचा म्हणजे आतल्या भागांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि इथे त्रास देणारा कण त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो. तो डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे ‘हात स्वच्छ आहेत ना, मग झालं’ हे इथे पुरत नाही.

तुमची गाडी कोणती ते ओळखायला एमपरिवहन ॲप उघडा किंवा आरसी बघा, त्यावर बीएस नॉर्म्स लिहिलेले असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्यानंतरचा डिझेल टेम्पो किंवा ट्रक असेल तर तो जवळपास नक्की कॉमन रेल. बीएस-३ आणि त्याआधीची मालगाडी बहुतेक मेकॅनिकल पंपाची. मधल्या बीएस-४ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला आलं, पण पुण्यात ते २०१० पासूनच होतं. पहिल्या १३ शहरांच्या त्या यादीत पुण्याबरोबर सोलापूरचंही नाव होतं. पण मालगाड्यांना, विशेषतः परमिटवर लांब पळणाऱ्यांना, त्यात सवलती होत्या, म्हणून नुसत्या वर्षावरून ठरवू नका.

खात्रीचा उपाय म्हणजे इंजिनकडे बघणं. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कनेक्टर बसवलेला दिसला आणि सगळ्या नळ्या एकाच जाड नळीतून फुटलेल्या दिसल्या, तर कॉमन रेल. वायरी नाहीत आणि नळ्या थेट पंपातून निघतात, तर मेकॅनिकल.

फिल्टर विकत घेताना

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत नाहीतर चाकणच्या दुकानात ‘छोट्या हत्तीचा फिल्टर द्या’ एवढंच सांगू नका. एकाच नावाच्या गाडीचे चार प्रकार निघाले आहेत आणि सारखा दिसणारा फिल्टर आटेत बसतो म्हणून तो बरोबरच असेल असं नाही. जुन्या फिल्टरवरच्या पार्ट नंबरचा फोटो काढून न्या, आणि तो नंबर मॅन्युअलशीही ताडून बघा, कारण आधीच्या माणसानेच चुकीचा लावलेला असू शकतो.

डुप्लिकेट ओळखण्यासाठी बॉक्सवरचा होलोग्राम किंवा क्यूआर कोड कंपनीच्या ॲपनेच स्कॅन करा. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून कुठलीतरी वेबसाइट उघडली म्हणजे माल खरा असं होत नाही. बिल घ्याच. बिल देत नसेल त्या दुकानातून बीएस-६ गाडीचा फिल्टर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण बिल नसेल तर तिथे तुमची बाजू लंगडी पडते. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे काम घरी करायच्या आधी वॉरंटीच्या अटी वाचा.

फिल्टरबरोबर नवे तांब्याचे वॉशर आणि रबरी रिंगही घ्या. दहा-वीस रुपये वाचवायला जुनेच वॉशर परत लावले की पुढे एअरचा त्रास मागे लागतो.

सुरू करण्याआधी

गाडी सपाट, मोकळ्या जागेत लावा. शटरबंद गाळ्यात नको. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या. कॉमन रेलमध्ये इंजिन बंद झाल्यावर दाब उतरायला वेळ लागतो, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तेवढं थांबा. केबिन पुढे पाडावी लागत असेल तर तिचा लॉक बसल्याशिवाय खाली डोकं घालू नका.

डिझेल पेट्रोलसारखं पेट घेत नाही म्हणून लोक त्याच्याजवळ बिनधास्त असतात. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. एप्रिल-मेच्या दुपारी पिंपरीत पत्र्याखाली एवढं तापमान सहज होतं. तेव्हा बिडी-सिगारेट तर नाहीच, डॅशबोर्डसमोरची उदबत्तीही काम संपेपर्यंत नको.

हातात नायट्राइलचे मोजे, खाली पसरट भांडं, एक पारदर्शक बाटली, फिल्टरचा पट्टा-पाना आणि धागे न सुटणारं कापड. वर्कशॉपमध्ये वापरतात ते कॉटन वेस्ट उघड्या नळीजवळ आणू नका, त्याचे धागे आत जातात. आणि हो, फोनने नळ्यांचे फोटो काढा, जवळून आणि लांबून. कुठली नळी आत जाणारी आणि कुठली बाहेर येणारी हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

प्रत्यक्ष काम

आधी फिल्टर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग बाहेरून स्वच्छ करा. ही पायरी सगळे गाळतात. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीवर धुळीचा आणि तेलाचा जो थर बसतो, तो फिल्टर सोडताना थेट उघड्या तोंडात पडतो. ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन साफ करा, कापडाने पुसून कोरडं करा. हवेच्या पाइपने फुंकर मारायची तर आत्ताच, तोंडं उघडल्यावर अजिबात नाही.

मग खालचा कॉक सोडून पहिलं डिझेल बाटलीत घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाटली स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. चमचाभर असेल तर काळजी नाही. पाव बाटली निघालं तर नवा फिल्टर लावूनही उपयोग नाही, कारण पाणी टाकीत आहे. टाकी खाली करून धुवावी लागेल.

सेन्सरची वायर असेल तर आधी तिचा कनेक्टर काढा. आता फिल्टर सोडा. स्क्रूसारखा फिरणारा डबा असेल तर पट्टा-पान्याने उलटा फिरवा, वाटीचा असेल तर मधला बोल्ट सोडून वाटी खाली घ्या. डबा निघाला की वरच्या बैठकीवर हात लावून बघा, जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहिलेली असू शकते. ती तशीच ठेवून नवा फिल्टर लावला तर दोन रिंगांमधून गळती होणार, हमखास. काही गाड्यांत तळाचा सेन्सर जुन्या फिल्टरवरून काढून नव्याला लावायचा असतो, तो जुन्याबरोबर टाकून देऊ नका.

जुना फिल्टर लगेच फेकू नका, आतलं डिझेल भांड्यात ओतून बघा. काळपट घाण नेहमीची आहे. तांबूस गाळ म्हणजे टाकीला गंज. पण कॉमन रेलच्या गाडीत चकचकीत धातूचे कण दिसले तर तिथेच थांबा. पंपाची झीज होऊन तो चुरा परतीच्या नळीतून टाकीत फिरत असण्याची शक्यता आहे, आणि हे घरचं काम राहिलेलं नाही.

नवा फिल्टर आधी डिझेलने भरायचा का?

व्हिडिओत हमखास दाखवतात: नवा फिल्टर उभा धरून डिझेलने काठोकाठ भरायचा, म्हणजे एअर काढायची कटकट नको. जुन्या मेकॅनिकल गाड्यांवर पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय आणि त्या गाड्यांनी ते चालवूनही घेतलं.

कॉमन रेलच्या शेवटच्या फिल्टरमध्ये हे करू नका. कारण फिल्टरच्या तोंडाकडे बघितलं की कळतं. कडेला गोलात बारीक भोकं असतात, तिथून घाणेरडं डिझेल आत जातं. मधलं मोठं भोक म्हणजे गाळलेलं डिझेल बाहेर पडायची वाट. ओतायला सोपं म्हणून आपण नेमकं मधल्या भोकात ओततो. म्हणजे कॅनमधलं न गाळलेलं डिझेल फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला पडलं आणि पहिल्याच सेल्फला थेट हाय-प्रेशर पंपात गेलं. कॅन कितीही स्वच्छ दिसला तरी दहा मायक्रॉनचा कण तुम्हाला दिसणार नाही. कॅटरपिलरसारखे मोठ्या इंजिनांचे उत्पादकही फिल्टर आधी भरू नका असंच सांगतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये भरायला सांगितलं असेल तर भरा, पण कडेच्या भोकांतून आणि मधलं भोक झाकून.

रबरी रिंगला मात्र स्वच्छ डिझेलचं बोट लावा. डबा हातानेच फिरवा. रिंग टेकली की त्यापुढे साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर लिहिलं असेल तेवढा. पान्याने जोर लावून आवळला की रिंग चेपते आणि पुढच्या वेळी डबा निघता निघत नाही. नळीमध्ये बसणारा फिल्टर असेल तर त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेला हवा.

एअर काढणे

डिझेल इंजिनात हवेचे बुडबुडे अडकले की गाडी सुरू होत नाही, किंवा होऊन बंद पडते. यालाच ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबलं जात नाही. नळीत बुडबुडा असला की पंपाचा जोर तो दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही.

मेकॅनिकल गाडीत फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करा आणि फीड पंपावरचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार. धार सलग झाली की हातपंप मारत असतानाच स्क्रू आवळा. एकट्याने जमत नाही, म्हणून धाकट्या भावाला उभं करा. दोन वाट्या असतील तर आधी टाकीकडची, मग इंजिनकडची, शेवटी इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. हातपंपाची मूठ परत खाली फिरवून बसवायला विसरू नका.

कॉमन रेलमध्ये बऱ्याच गाड्यांना फिल्टरवर हाताने दाबायचा प्रायमर किंवा रबरी फुगा असतो, तो कडक होईपर्यंत दाबा. इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट बघा, बंद करा, असं काही वेळा. इथे एक गोष्ट कधीच करू नका: जुन्या पद्धतीने इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून सेल्फ मारणं. त्या दाबाची बारीक धार हातमोज्यासकट कातडीतून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं. अशा वेळी मलम लावून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा वायसीएमसारखं मोठं रुग्णालय गाठा आणि ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशिरामुळे बोट, प्रसंगी हात गमावण्याची वेळ येते.

सेल्फ मारताना एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग अर्धा-एक मिनिट विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळेल. गाडी सुरू झाली की पाच मिनिटं स्लोवर चालू द्या आणि फिल्टरभोवती कोरड्या पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती बघा, हाताने चाचपून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

संध्याकाळी सगळं ठीक, सकाळी गाडी परत सुरू होईना. खाली एक थेंबही गळालेला नाही. मग लोक फिल्टरलाच दोष देतात. खरं कारण वेगळं असतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या भागातला जोड ढिला असला तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि नळी रिकामी होते. तेव्हा टाकीकडचे जोड, क्लिपा आणि ते नवे-जुने तांब्याचे वॉशर तपासा. नळीचा काही भाग पारदर्शक असेल तर फोनचा टॉर्च लावून बघा, बुडबुडे पळताना दिसतात.

जोड ठीक आहेत, एअर नाही, तरी चढाला पिकअप मिळत नाही? मग एअर फिल्टर, टाकीतली जाळी, टर्बोचे पाइप अशी शोधाशोध सुरू होते आणि तिथे अनुभवी मेकॅनिकच लागतो.

जुन्या फिल्टरचं काय करायचं

भांड्यावर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या. निघालेलं डिझेल परत टाकीत ओतू नका, आणि गटारात तर नाहीच. आपल्या भागातले नाले पवना आणि इंद्रायणीलाच मिळतात. डिझेलने भिजलेल्या चिंध्या आणि फिल्टर कचऱ्याच्या गाडीत टाकणं किंवा जाळणं टाळा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वर्कशॉपमधल्या अशा तेलकट चिंध्या आणि फिल्टर मोडतात. ओळखीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, त्यांचा असा माल अधिकृत ठिकाणी जातो, तुमचा एक फिल्टर त्यात ते सहसा घेतात.

फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, त्याचाही फोटो काढून ठेवा. पुढचा बदल किती किलोमीटरला ते मॅन्युअलमधून बघा. धुळीत आणि पावसाळ्यात जास्त पळणारी गाडी असेल तर मधेमधे नुसता कॉक सोडून पाणी बघत चला, त्याला दोन मिनिटं लागतात.